सोशल अँग्झायटीवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र: तुमचे फसलेले प्रयोग आम्हालाही दाखवा

सोशल अँग्झायटीवर संशोधन करणाऱ्या तमाम शास्त्रज्ञ मंडळींना, आणि त्यांचे पेपर छापणाऱ्या जर्नलांच्या संपादकांना,

नमस्कार.

मी तुमच्यातली नाही. तुमच्या पेपरात "एन बरोबर ३६" असं, म्हणजे प्रयोगात माणसं किती ते, लिहिलेलं असतं ना, त्या छत्तीसांतली एक समजा मला. शाळेत हजेरी सुरू झाली की माझा नंबर यायच्या पाच नंबर आधीपासून छातीत धडधडायचं, आणि आजही मीटिंगमध्ये कोणी "चला, सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या" म्हटलं की माझ्या आधीच्या चार जणांची नावं मला ऐकूच येत नाहीत, कारण मी मनात स्वतःचं नाव घोकत असते. स्वतःचं नाव! याला सोशल अँग्झायटी म्हणतात हे बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यावर मी तेच केलं जे आमच्यातले बहुतेक करतात, माणसांना विचारायचं टाळलं आणि वाचत बसले. सात-आठ वर्षं झाली वाचतेय. पी व्हॅल्यू म्हणजे काय ते शिकले, मेटा-ॲनालिसिसमधले, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेल्या हिशोबातले, ते आडव्या रेघांचे तक्ते बघायला शिकले. चेष्टा नाही करत, पण तुमच्यातल्या काहींपेक्षा जास्त रात्री मी तुमच्या पेपरांसोबत काढल्या असतील.

तर एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका इंटरव्ह्यूच्या आधी मी टॉयलेटचं दार लावून, कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, छाती पुढे काढून दोन मिनिटं उभी होते. मोबाइलवर टायमर लावून. का, तर असं उभं राहिलं की शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन उतरतं आणि माणूस बिनधास्त होतो हे "सायन्सने सिद्ध केलंय" असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. बाहेर आले, खुर्चीत बसले, आणि पहिल्याच प्रश्नाला घशातून आवाज फुटेना.

तेव्हा मला काय वाटलं ते नीट ऐका, कारण हे सगळं पत्र त्याच्यापायीच लिहितेय. ही पोझच फालतू असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, सगळ्या जगाला जे दोन मिनिटांत जमतं तेसुद्धा मला जमलं नाही, म्हणजे माझी केस किती हाताबाहेर गेलीये बघा.

त्या पोझचा मूळ पेपर २०१० सालचा, माणसं ४२. २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने २०० जणांवर तोच प्रयोग केला, तर लोकांना आपण जरा पॉवरफुल आहोत असं वाटलं खरं, पण हार्मोनमध्ये फरक नाही आणि वागण्यातही नाही. २०१६ मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी स्वतः जाहीर लिहून टाकलं की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. त्या बाईंबद्दल मला मनापासून आदर आहे, असं लिहायला छाती लागते आणि ती कमरेवर हात ठेवून येत नाही. पण मला हे कळलं योगायोगाने, कुठल्यातरी दुसऱ्याच लेखात, इंटरव्ह्यू होऊन खूप काळ लोटल्यावर. व्हिडिओ माझ्यापर्यंत आपणहून चालत आला होता, दुरुस्ती मला शोधत जावं लागलं.

आता तुमचं आणि आमचं कुठे वाकडं आहे ते सांगते. सोशल अँग्झायटी असलेल्या माणसाचा पहिला संशय कायम स्वतःवर. समोरच्याने जांभई दिली, माझं बोलणं कंटाळवाणं. मेसेजला उत्तर नाही आलं, मीच काहीतरी चुकीचं लिहिलं. अशा माणसाच्या हातात तुम्ही "सिद्ध झालेला" उपाय ठेवता, तो उपाय आतून पोकळ असतो, चालत नाही, मग हा माणूस उपायावर संशय घेणार की स्वतःवर? दुसऱ्या एखाद्या विषयात चुकून पॉझिटिव्ह निकाल लागला तर पैसा जातो, वेळ जातो. आमच्याकडे तो निकाल थेट आजारालाच खतपाणी घालतो. म्हणजे तुम्ही इतरांपेक्षा दुप्पट सावध असायला हवं होतं, आणि मला तर बऱ्याच ठिकाणी सरासरीइतकीही सावधगिरी दिसत नाही. सगळ्यांना एका माळेत ओवत नाहीये, पण जे दिसलं ते सांगते.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो अटेन्शन ट्रेनिंगवर. कल्पना अशी की आमच्यासारख्यांची नजर रागीट, नाक मुरडलेल्या चेहऱ्याकडे आपोआप ओढली जाते. ते मोजायला डॉट-प्रोब नावाची टेस्ट आहे, मूळची १९८६ सालची, तेव्हा शब्द दाखवायचे, चेहरे नंतर आले. स्क्रीनवर दोन चेहरे येतात, एक रागीट, एक साधा, क्षणात जातात, मग एकाच्या जागी ठिपका उगवतो आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. रागीट चेहऱ्याच्या जागी ठिपका आल्यावर बोट जास्त चटकन पडलं, तर लक्ष आधीपासून तिकडेच होतं असं समजायचं. मग कोणाच्यातरी डोक्यात आलं की ठिपका मुद्दाम कायम साध्या चेहऱ्याच्या जागीच आणला तर लक्षाला तिकडे वळायची सवय लागेल आणि भीती कमी होईल. कल्पना सुंदरच आहे, मान्य. आमच्यासाठी तर स्वप्नच की, कोणाशी बोलायचं नाही, कुठे जायचं नाही, ठिपके दाबा आणि बरे व्हा!

२००९ मध्ये दोन पेपर आले. चार आठवडे, आठ सेशन. एकात ट्रेनिंगवाल्यांपैकी ५० टक्के लोक निदानाच्या निकषांतून बाहेर पडले आणि लुटुपुटुचं ट्रेनिंग मिळालेल्यांपैकी १४ टक्के. दुसऱ्यात तर ७२ टक्के विरुद्ध ११. ते ७२ टक्के वाचून मला खरंच रडू आलं होतं. टक्के सोडून माणसं मोजायची अक्कल फार नंतर आली. एकूण ३६ जण, दोन्हीकडे निम्मेनिम्मे, म्हणजे १८ पैकी १३ आणि १८ पैकी २. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक आहे, पण ती चालते कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं अशी शिजलेली नसतात हो. चार जण इकडचे तिकडे झाले तर ७२ चे ५० होतात.

मी एका ॲपवर ते ट्रेनिंग सहा आठवडे केलं. रोज. ठिपके दाबण्यात मी इतकी तरबेज झाले की विचारू नका. भीती होती तिथेच. आणि पुन्हा तेच, ७२ टक्क्यांना जमतं आणि मी मात्र उरलेल्यांत, अर्थातच, मी नेहमी उरलेल्यांतच असते.

आता गंमत बघा. हे दोन पेपर यायच्या चार वर्षं आधी, २००५ मध्ये, एका जर्मन संशोधकाने दाखवून दिलं होतं की डॉट-प्रोब टेस्टच भरवशाची नाही. आज एखाद्याचा आकडा काढला आणि आठवड्याने त्याच माणसाचा पुन्हा काढला तर दोन आकड्यांचा एकमेकांशी पत्ताच नाही. वजनकाटा सकाळी साठ किलो आणि दुपारी नव्वद दाखवत असेल तर त्यावर डाएटचे प्रयोग कोणी करेल का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तरी प्रयोग झाले, ढिगाने झाले. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये ७९ जणांवर इंटरनेटवरून नीट प्रयोग झाला, खरं ट्रेनिंग आणि खोटं ट्रेनिंग यात फरक निघाला नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात अशा सगळ्या ट्रेनिंगांचा परिणाम फार छोटा निघाला, आणि तोही छापण्यातला पक्षपात, म्हणजे यशस्वी निकालच जास्त छापले जाणं, धरला तर आणखी आक्रसतो असं निघालं. एक कल्पना फसली याबद्दल माझी तक्रार नाही, कल्पना फसायच्याच. पण "मोजपट्टी नीट आहे का" हा प्रश्न सुरुवातीला विचारायचा असतो, दहा वर्षांनी नाही.

औषधांकडे येते. इथे जपून लिहायला हवं, कारण हे वाचून कोणी स्वतःची गोळी परस्पर बंद करावी असं मला बिलकुल वाटत नाही, तसलं काही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. मी स्वतः दोन वर्षं गोळी घेतली आणि थोडा फरक पडला. "थोडा" हा शब्द लक्षात ठेवा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ते तुमच्या क्षेत्रात अक्षरशः मोजून झालंय. अमेरिकेत औषधाला मंजुरी हवी असेल तर कंपनीला मंजुरीसाठी केलेल्या चाचण्यांची माहिती एफडीएला, म्हणजे तिथल्या सरकारी औषध-नियामक संस्थेला, द्यावी लागते, छापलेल्या आणि न छापलेल्या दोन्ही. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिप्रेशनच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्या एफडीएच्या कागदांतून काढल्या आणि जर्नलमध्ये काय आलं त्याच्याशी ताडून पाहिल्या. एफडीएच्या मते ३८ चाचण्या यशस्वी, त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ अयशस्वी किंवा शंकास्पद, त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ३ जशा होत्या तशा छापल्या, आणि ११ अशा लिहिल्या की वाचणाऱ्याला वाटावं औषध चाललं. याला आमच्या भाषेत ध चा मा करणं म्हणतात. नुसती जर्नलं वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या, कागदोपत्री होत्या ५१.

तुम्ही म्हणाल हे डिप्रेशनचं झालं. अँग्झायटीचंही झालंय, २०१५ मध्ये, सोशल अँग्झायटी धरून वेगवेगळ्या अँग्झायटींच्या ५७ चाचण्या. एफडीएच्या हिशोबाने ७२ टक्के यशस्वी, छापलेल्या पेपरांच्या हिशोबाने ९६ टक्के, आणि परिणाम साधारण १५ टक्क्यांनी फुगलेला. म्हणजे डिप्रेशनइतकं वाईट नाही हे कबूल करते, गोळ्या खोट्या नाहीत हेही कबूल. पण बघा ना, ज्या डॉक्टरने मला गोळी दिली त्याने वाचलं होतं ९६, मला सांगितलं "नव्व्याण्णव टक्के फरक पडतो", आणि मला पडला थोडा. गोळीने तिच्या कुवतीइतकं काम चोख केलं होतं, पण मला वाटलं माझं शरीरही माझ्यासारखंच, कुठेच मिसळत नाही.

याच जातीतली पॅरॉक्सेटिन नावाची गोळी १९९९ मध्ये अमेरिकेत सोशल अँग्झायटीसाठी मंजूर झाली तेव्हा "कल्पना करा, तुम्हाला माणसांचीच ॲलर्जी आहे" अशा अर्थाची जाहिरात केली होती. खरं सांगू, वाक्य भारी आहे, मला आतपर्यंत लागलं. आणि त्याच गोळीचा किशोरवयीन मुलांच्या डिप्रेशनवरचा एक प्रयोग २००१ मध्ये "चांगला परिणाम, सोसायला सोपी" म्हणून छापला गेला, २०१५ मध्ये स्वतंत्र लोकांनी मूळ डेटा पुन्हा तपासला तर परिणाम नाही आणि अपाय मात्र आहे असं निघालं. चौदा वर्षं लागली.

बरं, आम्ही आहोत तरी किती? हा तर सगळ्यात सोपा प्रश्न असायला हवा, डोकी मोजायची. १९८० मध्ये डीएसएमच्या, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकन पुस्तकाच्या, तिसऱ्या आवृत्तीत सोशल फोबिया हे निदान पहिल्यांदा आलं. त्यानंतरच्या अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा त्रास झालेले लोक अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. १९९० च्या सुरुवातीला त्याच देशात पुन्हा पाहणी, १३.३ टक्के. दहा वर्षांत लोक इतके बुजरे झाले? छे, निकष बदलले, प्रश्न बदलले, जास्त प्रसंगांबद्दल विचारलं. नंतर २८ देशांच्या पाहण्या एकत्र केल्या, २०१७ मध्ये छापलं, ४ टक्के. १९९४ मध्ये कॅनडातल्या विनिपेगमधल्या संशोधकांनी फार प्रामाणिक काम केलं, एकाच शहरातल्या एकाच पाहणीत "किती त्रास झाला म्हणजे आजार" ही रेघ वरखाली सरकवून पाहिली, तर आकडा १.९ टक्क्यांपासून १८.७ टक्क्यांपर्यंत हवा तसा हलतो. तीच माणसं, तीच उत्तरं! हा पेपर मला वाटतं या विषयातल्या प्रत्येकाच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवा.

फक्त एकच, ती पाहणी त्यांनी केली टेलिफोनवर. सोशल अँग्झायटीची पाहणी. अनोळखी माणसाने फोन करून. मी उचललाच नसता.

आणि २०२० चा तो आकडा, ३६ टक्के. सात देशांतले १६ ते २९ वयाचे ६,८२५ तरुण, त्यातल्या तिघांत एकाला सोशल अँग्झायटी, अशा बातम्या सगळीकडे फिरल्या, मलाही तीन जणांनी पाठवल्या. मी पेपर उघडला. आजाराचा निकष म्हणजे एका प्रश्नावलीतले मार्क ठराविक रेघेच्या वर, मुलाखत नाही, निदान नाही. आणि डेटा मुळात कुठून आला, तर केसांच्या प्रॉडक्टबद्दलच्या एका मार्केट रिसर्चमधून, जो युनिलिव्हरच्या क्लिअर या ब्रँडने करून घेतला होता. शॅम्पू! हे त्यांनी लपवलेलं नाही, पेपरातच लिहिलंय, आणि त्यातून पेपर लिहिणारे संशोधक वेगळे होते, म्हणजे मी काही लबाडीचा आरोप करत नाहीये. पण बातमीत शॅम्पू कुठेच नव्हता, ३६ टक्के मात्र ठळक होते.

प्रश्नावल्यांचं तर काय सांगू. लिबोविट्झ स्केल, १९८७ पासून चालू आहे, २४ प्रसंग, प्रत्येकाला भीतीचे ० ते ३ आणि टाळाटाळीचे ० ते ३, एकूण १४४ मार्क. त्यात पार्टी द्यायची भीती किती वाटते असा प्रश्न आहे. मी जन्मात पार्टी दिलेली नाही. दिली असती तर काय वाटलं असतं याची कल्पना करून उत्तर द्यायचं असतं, आणि ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याबद्दल कल्पना करायला लावलं की आम्ही काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. तेच स्केल मी एका आठवड्यात दोनदा भरलं, एकदा मोठ्या समारंभाच्या आदल्या दिवशी, एकदा नंतर, बावीस मार्कांचा फरक. शिवाय जपानमध्ये तायजिन क्योफुशो म्हणून एक प्रकार ओळखतात, त्यात "लोक मला हसतील" यापेक्षा "माझ्यामुळे समोरच्याला अवघड वाटेल" ही भीती असते, म्हणजे माझी नजर, माझा घाम, माझं लाजणं त्यांना त्रास देईल अशी. वाचल्या वाचल्या मला वाटलं अरे, हे तर माझंच आहे. लिबोविट्झमध्ये त्याला जागा नाही.

मेंदूच्या फोटोंबद्दल थोडक्यात. प्रत्येक लेखात एक मेंदू असतो, त्यात लाल डाग असतो, खाली लिहिलेलं असतं अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला मेंदूचा भाग, पेटला. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी एमआरआयमध्ये एक सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे समाजात वावरतानाचे फोटो दाखवले आणि या लोकांना काय वाटत असेल असं विचारलं. मासा मेलेला होता. मेंदूतल्या हजारो ठिकाणांची एकदम तपासणी केल्यामुळे योगायोगाने लागणारे निकाल गाळायची नेहमीची दुरुस्ती आकडेमोडीत केली नाही तर त्याच्याही मेंदूत लाल डाग दिसला, दुरुस्ती केली की गायब. मेल्यावरही लोकांचे चेहरे बघून मेंदू पेटतो म्हणजे ती खरी सोशल अँग्झायटी, असो. २०१३ च्या एका तपासणीत न्यूरोसायन्सच्या अभ्यासांची खरा परिणाम पकडायची ताकद मध्यम मानाने २१ टक्के निघाली. जाळं इतकं फाटकं असेल तर त्यात जे अडकतं ते मासा की कचरा हे कसं ओळखायचं?

आता वेटिंग लिस्ट. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण मी तिच्यावर होते. एका ठिकाणी थेरपीचा अभ्यास चालू होता, मी फॉर्म भरला, पाठवायला चार दिवस लावले, आणि मग माझी चिठ्ठी वेटिंगच्या गटात निघाली. बारा आठवडे थांबा, मग तुम्हालाही थेरपी मिळेल. त्या बारा आठवड्यांत मी काहीच केलं नाही. त्याआधी मी आपली धडपडत होते, आठवड्यातून एकदा अनोळखी माणसाला वेळ विचारायची, असं काहीबाही. ते सोडलं. म्हटलं आता खरी थेरपी मिळणारच आहे तर उगाच कशाला, आणि आपण काही केलं तर त्यांच्या अभ्यासात घोळ होईल अशीही भीती, बघा, तिथेही मला त्यांची अडचण नको होती! बारा आठवड्यांनी माझे मार्क मोजले, तसेच होते, थोडे वाईटच. आणि त्या मार्कांशी तुलना करून थेरपीचा गट किती पुढे गेला ते छापलं.

तुम्हाला हे माहीत आहे. २०१४ मध्ये फुरुकावा आणि इतरांनी डिप्रेशनच्या अभ्यासांत दाखवलं की वेटिंग लिस्टवर ठेवलेले लोक काहीच उपचार न मिळालेल्यांपेक्षाही मागे राहतात, म्हणजे थांबायला सांगणं हेच कदाचित अपाय करतं. २०१६ मध्ये पिम क्युपर्स आणि मंडळींनी डिप्रेशन आणि अँग्झायटीवरच्या सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या, १४४ चाचण्या तपासल्या, अँग्झायटीवरच्या बहुसंख्य चाचण्यांत तुलना वेटिंग लिस्टशीच, आणि चांगल्या दर्जाच्या म्हणाव्यात अशा एकूण चाचण्या साधारण १७ टक्के. नेहमीचे उपचार किंवा साधी खोटी गोळी यांच्याशी तुलना केली तर थेरपीचा परिणाम लहान होतो. नाहीसा नाही होत, लहान होतो.

आणि इथे मला तुमच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील ही बाई सगळंच थोतांड समजते. २०१४ मध्ये १०१ चाचण्या आणि १३ हजारांवर माणसं एकत्र धरून जो आढावा झाला त्यात एकास-एक सीबीटी सगळ्यात वर होती, आणि वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या टीमनी, एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनीसुद्धा पुन्हा पुन्हा तेच पाहिलंय. माझंही थोडंफार भलं तिनेच केलं, आणि केलं ते कंटाळवाण्या पद्धतीने, ज्याची भीती वाटते ते करायचं, मनात जे होईल असं वाटलं होतं ते झालं का ते लिहून ठेवायचं, पुन्हा करायचं. टॉयलेटमध्ये उभं राहण्यात जी मजा आहे ती यात नाही. पण मला हे आधी कोणी असं सांगितलं असतं की बाई, हे बऱ्याच जणांना चालतं, सगळ्यांना नाही, आणि फरक पडतो तो बहुधा मध्यम, तर मी तिसऱ्या सेशनला "मला जमत नाहीये" म्हणून सोडून दिलं नसतं. मी सोडलं होतं. सात महिने. परत जायला, तिथल्या रिसेप्शनला फोन करायला, तेवढे लागले.

आता मागणं. तुमच्यातल्याच लोकांनी उपाय काढून ठेवलाय. प्रयोग करायच्या आधी प्लॅन जर्नलकडे द्यायचा, प्लॅन चांगला असेल तर जर्नल तेव्हाच छापायचं कबूल करतं, निकाल काहीही लागो. रजिस्टर्ड रिपोर्ट म्हणतात, २०१३ पासून सुरू आहे. २०२१ मध्ये कोणीतरी मोजलं, मानसशास्त्राच्या नेहमीच्या पेपरांत संशोधकाचं म्हणणं खरं निघायचं प्रमाण ९६ टक्के, आणि रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के. मी आयुष्यात ९६ टक्के वेळा बरोबर निघाले असते तर मला सोशल अँग्झायटी झाली असती का हो? ते ४४ मला जास्त ओळखीचे वाटतात, माणसाचे वाटतात.

तर संपादकांनो, सोशल अँग्झायटीवरच्या उपचारांचे पेपर याच पद्धतीने घ्या, निदान औषध आणि ॲपवाले तरी. संशोधकांनो, प्रत्येक ग्रुपमध्ये अठरा माणसं घेऊन "आशादायक निष्कर्ष" लिहू नका, चार लॅब मिळून एक प्रयोग करा पण तो दोनशे जणांवर करा, आणि वेटिंग लिस्ट बंद करा, दुसरा कुठलातरी उपचार समोर ठेवा. आणि ज्यांच्या ड्रॉवरमध्ये न छापलेले अभ्यास पडलेत त्यांनी ते बाहेर काढा. नाकातून ऑक्सिटोसिन या हार्मोनचा फवारा मारला की माणूस लोकांवर विश्वास टाकतो या संशोधनाचा गाजावाजा चालू असताना बेल्जियममधल्या एका लॅबने २०१६ मध्ये आपला ड्रॉवर स्वतःहून उघडून दाखवला, आमचे बहुतेक प्रयोग लागले नाहीत आणि न लागलेले छापायला कोणी घेत नव्हतं, असं सरळ लिहिलं. मी तो पेपर तीनदा वाचला. तुम्हाला कळतंय का आमच्यासारख्यांना असलं वाचून कसं वाटतं? चारचौघांत स्वतःची फजिती सांगितली आणि काही झालं नाही, हाच तर तुम्ही आम्हाला देता तो गृहपाठ आहे.

मी पुढच्या अभ्यासाला यायला तयार आहे. फॉर्म भरेन, मार्क लिहीन, पार्टी द्यायची वेळ आली तर तेही बघू. निकाल काहीही लागला तरी मला त्याची एक कॉपी पाठवायची, एवढी अट.

फक्त ईमेलवर पाठवा. फोन नको.

तुमची,
छत्तीसांतली एक